बट्टीला तारा नसतात

आमच्या दवाखान्यात दुर्बिणीने पोट तपासतात, हे बुलढाण्याच्या आसपास सगळ्यांना ठाऊक आहे. दुर्बिणीतून नेमकं काय काय दिसतं, याबद्दल मात्र लोकांचं एकमत नाही. मलकापूरच्या एका बाईंनी नवऱ्याला आत न्यायच्या आधी मला कोपऱ्यात घेतलं आणि हळूच विचारलं, “सिस्टर, तंबाखूचा खर्रा खाते का नाई ते दिसन ना? मले तं म्हंते सोडला.” दुसरे एक गृहस्थ टेबलावर आडवे होता होता बायकोकडे चोरटी नजर टाकून मला म्हणाले, “पोटातलंच दिसते ना जी? मनातलं नाई ना?” मी नाही म्हटलं, तेव्हा कुठे त्यांनी पाय लांब केले.

मी शोभा. या खोलीत चोवीस वर्षं काढली. डॉक्टर बदलले, यंत्रं बदलली, मी राहिले. बाहेरच्या माणसाला माझं काम सांगायचं तर असं: दुर्बीण म्हणजे करंगळीएवढ्या जाडीची, वळेल तशी वळणारी काळी नळी. तिच्या टोकाला दिवा आणि कॅमेरा. तिच्या पोटातून एक बारीक बोळ जातो. त्या बोळातून चिमटा, तारेचा फास, सुई असं काय काय आत सोडता येतं. पूर्वी ज्यासाठी पोटावर वीतभर चीर घ्यावी लागे, त्यातली कितीतरी कामं आता तोंडावाटे किंवा खालच्या वाटेने होतात. चीर नाही, टाका नाही. डॉक्टरांचे दोन्ही हात नळी वळवण्यात गुंतलेले असतात, म्हणून चिमट्याची मूठ माझ्या हातात असते. सर म्हणतात, “धर,” मी धरते. “सोड,” मी सोडते. चोवीस वर्षांत घरी कुणी माझं इतकं ऐकलं नाही, जितकं मी या दोन शब्दांचं ऐकलं.

खोलीतला तिसरा माणूस रशीदभाई. ते देऊळघाटचे. त्यांच्या वडिलांची भांड्यांना कलई करायची भट्टी होती. स्टीलची भांडी आली, भट्टी विझली आणि रशीदभाई आमच्याकडे नळ्या धुवायला आले. दुर्बीण धुणं म्हणजे नुसतं पाणी मारणं नव्हे. तो आतला बोळ ब्रशने घासायचा, औषधात बुडवायचा, वाळवायचा, आणि प्रत्येक रोग्यानंतर हे सगळं पुन्हा. रशीदभाई म्हणायचे, “सिस्टर, अब्बा सांगायचे, भांडं बाहेरून कोनीबी चमकवते. आतून चमकलं तं ते भांडं.”

तर एका लग्नसराईत, सोमवारी सकाळी, वाल्मीक गुरुजी आले.

गुरुजी जानेफळचे. शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक. पांढरं धोतर, पांढरी टोपी, आणि तोंडावर पांढराशुभ्र टॉवेल दाबलेला. त्यांच्या बाजूला कावेरीकाकू, त्यांच्या पत्नी. ठेंगण्या, काटक, डोळे असे की समोरच्याला आपल्या पदराला डाग तर नाही ना असं वाटावं. गुरुजींना थुंकीसुद्धा गिळता येत नव्हती, म्हणून टॉवेल. आणि बोलत तर नव्हतेच. मी काही विचारलं की खिशातून वही काढून लिहून द्यायचे. अक्षर असं, की फळ्यावरचा सुविचार वाटावा.

“केव्हापासून?” मी विचारलं.

“काल मध्याह्नी, विवाहप्रसंगी, भोजनसमयी,” असं उत्तर आलं.

“काय अडकलं?”

“बट्टीचा तुकडा.” आणि खाली, जरा थांबून, “तूप कमी होते.”

आमच्याकडच्या लग्नात वरण-बट्टी म्हणजे जेवणाचा राजा. गव्हाच्या जाड गोळ्यांच्या त्या बट्ट्या, वर तूप. कोरडा घास अडकतोही कधी कधी. म्हणून मला काही वावगं वाटलं नाही. काकू म्हणाल्या, “मले तं म्हने आसिडिटी झाली. रातभर भिताडाले टेकून बसले. मी म्हनलं, आसिडिटीनं कोनी टावेल धरते का?”

सरांनी आधी छातीचा फोटो काढायला लावला. फोटो पडद्यावर आला आणि सर त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी काकूंना बाहेर बसायला सांगितलं आणि गुरुजींना आत घेतलं.

“गुरुजी,” सर शांतपणे म्हणाले, “आमच्या घरीही बट्ट्या होतात. पण आम्ही त्यात तारा घालत नाही.”

फोटोत छातीच्या बरोबर मधोमध दोन वाकड्या तारा दिसत होत्या, माशाच्या गळासारख्या. गुरुजींनी फोटोकडे पाहिलं, सरांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग वही घेतली आणि भिंतीकडे तोंड करून लिहिलं. लिहिलेलं होतं:

“दोन दात. कृत्रिम. पुढचे. सौभाग्यवतीस कळू नये, ही नम्र विनंती.”

मला हसू आवरेना. मी चिमटे मोजायच्या निमित्ताने कपाटात डोकं घातलं. पण सर हसले नाहीत, आणि त्यांचा चेहरा बघून माझंही हसू गेलं.

कारण काम वाईट होतं. मधले दोन दात, त्यांना धरून ठेवणारी गुलाबी चकती आणि दोन्ही बाजूंना दाढेला अडकवायच्या तारा, असा तो ऐवज. त्यातली एक तार अन्ननलिकेच्या भिंतीत रुतली होती. अन्ननलिकेची भिंत जाड नसते. आणि जिथे तार रुतली होती, तिथून बोटभर अंतरावरून हृदयाकडून येणारी मोठी रक्तवाहिनी जाते. सरळ वर ओढलं तर गळ जसा माशाचा जबडा फाडतो तसं होणार. मग छाती उघडायची, आणि ते आमच्याकडे होत नाही. संभाजीनगर गाठावं लागलं असतं, आणि वाटेत काय झालं असतं ते सांगता येत नव्हतं.

“ओढायचं नाही,” सर म्हणाले. “आधी जरा खाली ढकलून तार सोडवू. दात पोटात नेऊ. पोटात जागा आहे, तिथे त्यांना फिरवू, म्हणजे तारा मागे राहतील. मग वर आणू. पण वर आणताना अन्ननलिका झाकायला झालर लागेल.”

झालर म्हणजे दुर्बिणीच्या टोकाला बसवायची रबरी टोपी. आत जाताना ती मागे उलटी दुमडलेली असते. वर येताना पोटाच्या अरुंद तोंडाशी अडून ती पुढे उलटते आणि पकडलेल्या वस्तूवर बसते, वाऱ्यात छत्री उलटावी तशी. मग टोकदार काही असेल ते छत्रीच्या आत राहतं. अशी झालर आम्ही मागवली होती. ती वाटेत होती. कुठल्या वाटेत, ते कुणालाच माहीत नव्हतं.

रशीदभाई दारात उभे राहून ऐकत होते. म्हणाले, “सर, जाड हातमोज्याची करू का? मनगटाकडची बाजू कापून?”

सर म्हणाले, “करून दाखवा.”

पुढचा पाऊण तास आमच्या खोलीचा कारखाना झाला. रशीदभाईंनी मोज्याचा मनगटाकडचा भाग कापला, मी टाक्याच्या रेशमी दोऱ्याने तो जुन्या दुर्बिणीच्या टोकाला बांधला. आणि तिसरीकडे सर, भारी डिग्र्यांचे सर, दोन्ही हातांची मूठ वळून स्वतःच पोटाचं तोंड झाले. चिमट्यात कागदाची पिन धरून आम्ही ती त्यांच्या मुठीतून ओढायचो. पहिली झालर सुटून खाली पडली. दुसरी उलटलीच नाही, सरांच्या अंगठ्याला पिन टोचली. तिसऱ्या वेळी रशीदभाईंनी कडेला तेलासारखी जेली चोळली. झालर ऐटीत उलटली आणि पिन दिसेनाशी झाली.

“माशाल्ला,” रशीदभाई म्हणाले.

“आणखी दहा वेळा,” सर म्हणाले. आम्ही दहा वेळा केलं. त्यांचा अंगठा पुन्हा टोचला नाही.

भूल देणारे डॉक्टर आले. आता नातेवाइकांची सही हवी होती. सरांनी काकूंना सगळा धोका नीट समजावला. आत टोकदार वस्तू आहे, चीर पडू शकते, तसं झालं तर पुढे न्यावं लागेल. वस्तू कोणती, ते सांगायच्या जागी सर थबकले, कारण खाटेवरून गुरुजी हात जोडून त्यांच्याकडे बघत होते. ती जागा मी भरली. मी म्हटलं, “बट्टी.”

काकूंनी माझ्याकडे बघितलं. मी कागदाकडे बघितलं.

“टोकदार बट्टी,” काकू एवढंच म्हणाल्या, आणि त्यांनी सही केली.

आत गेल्यावर दात दिसले. काळोख्या बोगद्यात अचानक कुणीतरी हसून बघावं तसे ते पडद्यावर आले. एरवी मी हसले असते. सरांनी चिमटा सोडला. “धर.” मी धरलं. सर तार अशी हळूहळू खाली सोडवू लागले की पडद्यावर काही हलतंय की नाही ते कळेना. थेंबभर रक्त आलं. मग तार सुटली. दात टुपकन पोटात पडले आणि भूलवाल्या डॉक्टरांनी इतक्या मोठ्याने श्वास सोडला की मला वाटलं रोग्याचा.

पोटात फिरवाफिरवी झाली. झालर बांधून पुन्हा आत गेलो. “धर.” माझी बोटं आखडली होती, पण मूठ सोडली नाही. पोटाच्या तोंडाशी झालर अडली, एक क्षण तशीच राहिली आणि उलटली. छत्री मिटल्यासारखे दात आत गेले. सरांनी एका संथ ओढीत सगळं बाहेर आणलं आणि ट्रेमध्ये टक्कन आवाज झाला. फाटलं काही नव्हतं. बारीकसा ओरखडा, बस.

पण सर थांबले नाहीत. पोटात असताना त्यांना खालच्या बाजूला काहीतरी दिसलं होतं. नळी पुन्हा आत गेली. हरभऱ्याच्या डाळीएवढा एक लालसर, किंचित दबलेला डाग होता. मी हजारो पोटं पाहिली असतील, मला तो गुलाबी भिंतीवर पडलेल्या पोपड्यासारखा वाटला. सरांना तसा वाटला नाही. त्यांनी त्याचे चार कण चिमट्याने काढले आणि तपासणीला पाठवले.

गुरुजी शुद्धीवर आले. जीभ पुढच्या फटीतून फिरली. पहिला शब्द आला, “थिस्टर...”

“निघाले, गुरुजी.”

“कुठे आहेथ?”

रशीदभाईंनी ट्रे पुढे केला. त्यांनी दात असे घासून आणले होते, की कलई करून आणल्यासारखे दिसत होते. पण तारा वाकल्या होत्या. सरांनी ते पुन्हा लावायला सक्त मनाई केली आणि मग डागाबद्दल सांगितलं, आठ दिवसांनी रिपोर्टला यायला सांगितलं. गुरुजी मान डोलावत होते. आता इथे माझी चूक झाली, ती लिहिते. भुलीतून उठलेला माणूस बोलतो, मान डोलावतो आणि तासाभराने सगळं विसरतो. म्हणून सूचना नेहमी घरच्यांना द्यायची, हे मीच नव्या मुलींना शिकवते. पण काकूंशी बोलायला बसले तर बोलता बोलता दात बाहेर येतील, या भीतीने मी चिठ्ठी गुरुजींच्या खिशात घातली आणि काकूंना नुसतं “सगळं छान झालं” म्हणून वाटेला लावलं. एका बट्टीपायी.

आठ दिवसांनी रिपोर्ट आला. कॅन्सर. पण अगदी सुरुवातीचा, वरच्या अस्तरापुरता. सर म्हणाले, “नशीबवान माणूस. आत्ता आला तर दुर्बिणीनेच काढता येईल. वर्षाने आला असता, तर अर्धं पोट काढून टाकावं लागलं असतं.”

गुरुजी आले नाहीत. मी फोन केला. पलीकडून ओळखीचा आवाज आला, नव्या दातांतून खणखणीत: “आपण चुकीचा क्रमांक लावला आहे.”

“गुरुजी, मी बुलढाण्याहून शोभा सिस्टर.”

“या नावाची कोणतीही व्यक्ती आमच्या परिचयाची नाही.” आणि फोन बंद. मी दुसऱ्या दिवशी केला, तिसऱ्या दिवशी केला. शुद्धलेखनात एक चूक न करता मला दर वेळी हाकलण्यात आलं.

रशीदभाई म्हणाले, “जाऊ द्या ना सिस्टर. आपून सांगाचं काम केलं.”

पण मला ते जमेना. काही वर्षांपूर्वी सुमनबाई नावाची एक बाई होती. शेतात राबणारी, हसरी. तिचाही रिपोर्ट असाच आला होता. दोनदा फोन लावला, लागला नाही. मग मी तो ड्रॉवरमध्ये ठेवला. येईल म्हटलं. ती आली, पण आठ महिन्यांनी, आणि तेव्हा दुर्बीण आतच जाईना इतकी वाट बुजली होती. ती मला म्हणाली होती, “तुमी फोन केला व्हता का वो बाई? आमचा मोबाइल फुटला व्हता.” मला कुणी दोष दिला नाही. तो ड्रॉवर मी अजून उघडते, तेव्हा आधी हात आखडतो.

म्हणून रविवारी मी चिखलीला गाडी बदलून जानेफळ गाठलं. स्टँडवर विचारलं, तर पानवाला म्हणाला, “गुरुजी? ते तं लग्नात हायेत. मंगलाष्टकं त्याइच्याशिवाय होत नाईत आमच्या इकडं.”

मंडपात पोचले तेव्हा गुरुजी माइकसमोर डोळे मिटून, उजवा हात वर करून उंच सूर लावत होते. वऱ्हाडी अक्षता घेऊन तयार. गुरुजींनी डोळे उघडले आणि मी दिसले. “सावधान” असा काही कापरा निघाला की खरंच कुणाला तरी सावध करतायत असं वाटावं. अर्ध्या लोकांनी अक्षता वेळेआधीच टाकल्या.

पुढे काय झालं ते मला अजून खरं वाटत नाही. मी गुरुजींकडे एक पाऊल टाकलं की दोन माणसं येऊन मला खुर्चीवर बसवायची. पाणी आलं. सरबत आलं. मग माइकवरून गुरुजींचा आवाज: “आजच्या मंगलप्रसंगी बुलढाण्याच्या सुप्रसिद्ध समाजसेविका शोभाताई आपल्यात उपस्थित आहेत. वधूपित्याने त्यांचा यथोचित सत्कार करावा.” नवरीचा बाप मला जन्मात ओळखत नव्हता. पण तो धावत आला, शाल दिली, नारळ दिला. मी तोंड उघडलं की टाळ्या. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी दातांचं गुपित फोडायला आलेय असं या माणसाला वाटत होतं, आणि तो माझं तोंड शालीने बांधत होता.

शेवटी स्वयंपाकाच्या मांडवामागे, बट्ट्यांच्या टोपल्यांच्या आड, मी त्यांना गाठलं.

“सिस्टर, आपणांस काय हवे ते मागा,” गुरुजी हात जोडून कुजबुजले. “परंतु या ठिकाणी दातांचा उल्लेख नको. माझी प्रतिष्ठा...”

“गुरुजी, दातांसाठी नाही आले. तुमच्या पोटातल्या डागाचा रिपोर्ट आलाय.”

“कोणता डाग?”

त्यांना खरंच काही आठवत नव्हतं. चिठ्ठी धोब्याकडे गेली होती. मी जमेल तितक्या सरळ शब्दांत सांगितलं. तो शब्दही सांगितला, कारण तो लपवून कुणाचं भलं होत नाही. गुरुजी बट्टीच्या टोपलीच्या कडेला बसले. इतकी वर्षं शुद्ध बोलणारा तो माणूस, पण आता तोंडातून आलं ते जानेफळचं.

“मी मरतो का वो, सिस्टर?”

“नाही. पण तुम्ही आला नाहीत, तर मग मी काही सांगू शकत नाही.”

“हिले कसं सांगू? हे सांगाचं म्हंजे मंग ते दाताचंबी सांगा लागन...”

“काऊन?” मागून आवाज आला. कावेरीकाकू हातात वाढायचं ताट घेऊन उभ्या होत्या. किती वेळ, देव जाणे. “दाताचं काय सांगाचं राह्यलं?”

गुरुजी उभे राहिले. बसले. पुन्हा उभे राहिले.

“सहा वर्सं झाली,” काकू मला म्हणाल्या, नवऱ्याकडे न बघता. “रोज झोपताना कोनाड्यात, फोटोमांगं, वाटीत ठेवतेत. त्याइले वाट्टे वाटीतलं पानी आपोआपच बदलते.” मग त्या माझ्याकडे वळल्या. “अन् तुमी, सिस्टर. टोकदार बट्टी!”

मला त्या टोपलीत लपावंसं वाटलं. पण काकूंनी ताट खाली ठेवलं, गुरुजींच्या शेजारी बसल्या आणि त्यांचा हात हातात घेतला. डोळ्यांत पाणी होतं, आवाजात नव्हतं. “कवा जाऊन राह्यलो आपन दवाखान्यात?” त्यांनी विचारलं.

“बुधवारी,” मी म्हटलं.

“उद्याच येतो,” काकू म्हणाल्या.

बाहेर पंगत बसली होती आणि गुरुजींना शोधत माणसं हाका मारत होती. काकूंनी त्या माणसांना परत पाठवलं आणि सांगितलं, गुरुजींची तब्येत बरी नाही, आशीर्वाद दुसऱ्या कुणी म्हणावेत. मला मात्र जेवल्याशिवाय सोडलं नाही. तूप भरपूर होतं.

असा डाग काढायचं काम आमच्याकडे होत नाही, म्हणून ते संभाजीनगरला झालं. तिथल्या मोठ्या डॉक्टरांनी केलं, सर सोबत होते, आणि सरांनी हट्टाने मलाही नेलं. मोठ्या पडद्यावर बघितलं. डागाच्या खाली सुईने पाणी सोडलं, तर तो पुरी फुगावी तसा वर आला. मग बारीक तापत्या सुरीने त्याच्या भोवती गोल कापत कापत, खालचा थर न दुखावता, तो सगळा एका तुकड्यात सोडवला. दोन-अडीच तास लागले. बाहेर एक चीर नाही. तिसऱ्या दिवशी गुरुजी भाताची पेज प्यायले, आणि तुकड्याच्या कडा स्वच्छ आहेत, आत काही उरलं नाही, असा रिपोर्ट आला. काकूंनी तो कागद वाचता येत नसताना दोन्ही बाजूंनी नीट बघून घेतला.

आता ते ठरावीक महिन्यांनी तपासणीला येतात. गेल्या खेपेला गुरुजी आत गेले होते आणि मी काकूंसोबत बाहेर बसले होते. नेहमीप्रमाणे मी म्हटलं, “काकू, काळजी करू नका. काही होत नाही यात.”

काकूंनी विचारलं, “तुमी कवा केली होती?”

“काय?”

“हे. दुरबीन.”

मी म्हटलं, नाही केली. काकू म्हणाल्या, “मंग तुमाले काय मालूम, काई होते का नाई होत?”

मी उठून कामाला लागले, पण ते वाक्य डोक्यातून जाईना. मला स्वतःला कित्येक वर्षं जळजळ होती. रोज सकाळी पांढरं औषध प्यायचं आणि विसरायचं. खरं कारण सांगायचं तर भीती. चोवीस वर्षं ती नळी लोकांच्या घशात जाताना बघितली, म्हणूनच भीती. शेवटी एका गुरुवारी, शेवटचा रोगी गेल्यावर, मी सरांना म्हटलं, “आज माझी करा.” सरांनी खुर्ची ओढली. झोपेचं इंजेक्शन नको म्हणाले मी, उगाच शौर्य. रशीदभाईंनी माझी हनुवटी धरली.

घशातला फवारा कडू असतो हे मला ठाऊक होतं. पण इतका कडू, की कारल्याने लाजावं. घसा सुन्न झाला की आपण गुदमरतोय असं वाटतं. गुदमरत नसतो, पण वाटतं. नळी आत गेली आणि मी चोवीस वर्षांत रोग्यांना जे जे करू नका म्हणून सांगितलं, ते सगळं केलं. रशीदभाईंच्या हाताला नखं लावली. डोळ्यांतून, नाकातून, तोंडातून पाणी. ढेकरा दिल्या, त्या बाहेरच्या बाकापर्यंत ऐकू गेल्या म्हणे. रशीदभाई कानात सांगत होते, “सिस्टर, श्वास घ्या, नाकानं घ्या,” आणि मला त्यांच्या थोबाडीत द्यावीशी वाटत होती. पाच मिनिटांनी सर म्हणाले, “थोडी सूज आहे. बाकी सगळं स्वच्छ.”

“आतून चमकून राह्यलं, सिस्टर,” रशीदभाई हात चोळत म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिलेच रोगी मलकापूरचे कापसाचे व्यापारी होते. दारात मावणार नाही असा देह, आणि चेहरा परीक्षेला बसलेल्या पोरासारखा. त्यांनी मला विचारलं, “सिस्टर, लय तरास होते का वो?”

मी म्हटलं, “होतो.”

ते उठले. चपला घातल्या. मी त्यांच्या शर्टाची बाही धरली.

“पाच मिनिटं होतो,” मी म्हटलं. “काल मी स्वतः करून घेतली. याच टेबलावर. रडले, ढेकरा दिल्या, आणि हे बघा रशीदभाईंच्या मनगटावर माझी नखं. आज सकाळी भाकरी खाऊन आलेय. तुम्ही झोपा, मी हनुवटी धरते. ओरबाडावंसं वाटलं, तर ओरबाडा.”

त्यांनी रशीदभाईंचं मनगट वळवून वळवून बघितलं. मग माझ्याकडे बघितलं.

“इतलं ओरबाडलं तुमी?”

“हाव,” मी म्हटलं.

शेठजींनी एक चप्पल काढली, थोडा विचार केला, आणि दुसरीही काढली.